यादीतलं अकरावं नाव

त्यांना सगळे काटा सर म्हणत. खरं नाव क्लबच्या हजेरीपत्रकात तेवढं उरलं होतं. तराजूचा काटा जसा कुणाच्या बापाला भीत नाही तसा हा माणूस, असं ज्यांची मुलं निवडली जात ते आईबाप म्हणायचे. ज्यांची मुलं घरी जात ते म्हणायचे, कसला तराजूचा, हा पायात मोडणारा काटा. सरांच्या कानावर दोन्ही येई, आणि दोन्ही ऐकून त्यांची मान थोडी ताठच होई.

क्लब जुना होता. त्याच्या मोठ्या संघाने कधी फार दिवे लावले नव्हते, पण फुटबॉलची मुलं घडवावीत तर याच क्लबाने, असं आसपासच्या चार शहरांत बोललं जाई. दहा वर्षांखालची मुलं, मग बारा, चौदा, सोळा, अठरा आणि सगळ्यात वर मोठा संघ, असा तो जिना. खालची पायरी अंगणाएवढी रुंद आणि वरची एका पावलापुरती. खालून शंभर चढत, वर दोघं पोहोचत. मधली कुठे गळाली ते कुणी विचारत नसे. चौदाच्या पायरीवर सर उभे असत. दर उन्हाळ्यात त्यांच्याकडच्या चोवीस मुलांपैकी अकरा सोळाच्या गटात जात आणि तेरांना घरी जावं लागे. ती यादी सर एकटे करत.

तेही याच जिन्यावरून चढले होते. मोठ्या संघातून सहा मॅच खेळले आणि बाविसाव्या वर्षी गुडघा गेला तो कायमचाच. क्लबने दया म्हणून लहान मुलांना पळवायला ठेवलं. सर स्वतःच म्हणायचे, "वासरांत लंगडी गाय शहाणी, तसं आमचं." पण शिकवण्यात या माणसाचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्यांच्याकडे एक जाड वही असे. प्रत्येक मुलाला एक पान आणि प्रत्येक पानावर तेच तीन प्रश्न. चेंडू येण्याआधी मान वर करून बघतो का? डावा पाय आहे, की नुसता उभं राहायला आहे? आणि चेंडू हातचा गेल्यावर काय करतो? तिसरा प्रश्न सरांचा लाडका. "गोल मारताना सगळेच शहाणे असतात," ते म्हणायचे, "चेंडू गेला की पोरगं हात कमरेवर ठेवतं की मागे धावतं, एवढंच मला दाखवा. बाकीचं मी शिकवतो."

लग्न केलं नाही. शटर दुरुस्त करणाऱ्या एका दुकानाच्या वर त्यांची खोली होती. खालची हातोड्याची ठोकठोक थांबली की रविवार उजाडला असं समजायचं आणि ताईकडे जेवायला जायचं. ताई त्यांच्याहून तीनच वर्षांनी मोठी, पण आई गेली तेव्हा ते नऊ वर्षांचे होते आणि त्या दिवसापासून ती बाराव्या वर्षीच म्हातारी झाली. यांना न्हाऊ घालणं, यांचे फाटलेले बूट दाभणाने शिवणं, हे मैदानावरून येईपर्यंत ताटावर झाकण ठेवून बसणं. गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा ती नुकती लग्न होऊन गेलेली. चार महिने सासर आणि दवाखाना अशा खेपा घातल्या, आणि नवऱ्याला सांगून टाकलं, "भाऊ उभा राहीपर्यंत माझ्याकडून गरम जेवणाची आशा धरू नका." भावोजी भला माणूस. टँकर चालवायचे, महिन्यातले वीस दिवस रस्त्यावर. ते म्हणाले, "मी तसाही गार जेवायला शिकलोय."

ताईला मूल फार उशिरा झालं, एकुलता एक मुलगा. तो चालायला लागला तोच चेंडूमागे. मामाने हरखून जावं हे ओघानेच आलं. सातव्या वर्षी तो क्लबच्या सगळ्यात खालच्या पायरीवर चढला आणि बाराव्या वर्षी मामाच्या हाताखाली आला. घरी मामा, मैदानावर सर. पोराने कधी गल्लत केली नाही. सरांनीही दोन वर्षं त्याच्याकडे असं पाहिलं की जणू वाटेतला खांब. इतरांनी दोन चुका केल्यावर शिट्टी वाजे, याच्या एका चुकीला वाजे. जगाची रीत अशी की आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. सरांनी ती उलटी करून ठेवली होती.

त्या वर्षीची यादी करायला सर बसले. दहा नावं अर्ध्या तासात झाली. अकराव्या जागेला दोघं उरले. एक भाचा, दुसरा पोस्टमनचा मुलगा. पोस्टमनचा मुलगा उंच, पायात वारा भरलेला, पण मान खाली घालून धावणारा. चेंडू गेला की पंचांकडे बघत उभा राहायचा. भाचा पहिल्या पाच पावलांत कमी पडायचा. पण त्याला सगळं आधी दिसायचं. चेंडू त्याच्याकडे यायच्या आत तो कुठे द्यायचा हे त्याचं ठरलेलं असे, आणि चेंडू गेला तर तो पहिला मागे धावे. वहीत त्याच्या पानावर तिन्ही प्रश्नांपुढे खुणा होत्या. दुसऱ्याच्या पानावर एकच.

सरांनी पेन्सिलीने भाच्याचं नाव लिहिलं आणि पाय मोकळे करायला बाहेर पडले. मैदानावरचा माळी पाण्याची नळी ओढत होता. त्याने सहज, हसत हसत विचारलं, "काय सर, यंदा घरचाच माणूस वर चाललाय म्हणे?"

माळ्याच्या मनात काही नव्हतं. त्याने विचारलं आणि तो पुढच्या कोपऱ्याकडे गेला. पण सर तिथेच थांबले. उद्या हेच वाक्य जाळीबाहेर उभे राहणारे बाप बोलतील, चहाच्या टपरीवर बोलतील. तीस वर्षांत ज्याच्याकडे कुणी बोट दाखवलं नाही, त्याचा काटा शेवटी घरच्याच पारड्याकडे झुकला म्हणतील. सर परत आले, खुर्चीवर बसले, खोडरबर घेतला. सोळाच्या गटात वेग लागतो, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. ते खोटं नव्हतं. पण वेग शिकवता येतो आणि नजर शिकवता येत नाही, असं मुलांच्या आईबापांना वर्षानुवर्षं सांगत आलेला माणूसही तोच होता.

ज्यांचं मूल घरी जायचं त्यांना ऑफिसात बोलवायचं आणि समोरासमोर सांगायचं, असा सरांचा नियम होता. चिठ्ठी पाठवणं त्यांना भ्याडपणाचं वाटे. ताईलाही त्यांनी ऑफिसातच बोलावलं. एक टेबल, प्लास्टिकच्या दोन खुर्च्या, लोखंडी कपाट, आणि ओल्या बुटांचा आणि मलमाचा कधीच न जाणारा वास. ताई शाळेची दप्तरं शिवायच्या कारखान्यातून सरळ आली होती, बाहीला निळ्या दोऱ्याचे तुकडे चिकटलेले. आत आल्या आल्या म्हणाली, "काय रे, घरी सांगितलं असतंस तर मी गोड काहीतरी तरी केलं असतं!"

तिला वाटलं होतं, आनंदाची बातमी आहे.

सरांनी सगळ्यांना सांगतात तेच सांगितलं. मेहनती आहे, स्वभाव चांगला आहे, पण पुढच्या गटाला लागतो तेवढा वेग नाही. ताई ऐकत राहिली. मग म्हणाली, "बरं. पण दुसरा जो कुणी घेतलास, तो याच्याहून चांगला आहे ना? एवढंच सांग."

"ताई, तसं मोजता येत नाही."

"तू तर मोजतोस. वही आहे तुझी."

सरांची नजर लोखंडी कपाटाकडे गेली. ताईने बाहीवरचा एक दोरा काढला, बोटाला गुंडाळला, पुन्हा सोडला. "तू म्हणतोस म्हणजे खरंच असेल," ती म्हणाली आणि उठली. दारात मुलगा उभा होता. त्याला काही सांगावं लागलं नाही. त्याने खांद्यावरची बॅग सरळ केली आणि म्हणाला, "येतो सर." मैदान होतं, म्हणून सर.

त्या आठवड्यात क्लबमध्ये जो तो सरांची पाठ थोपटत होता. सख्ख्या बहिणीचा मुलगा घरी पाठवला! असा माणूस दिवा घेऊन शोधला तरी मिळणार नाही. अध्यक्षांनी वार्षिक सभेत त्यांचा दाखला दिला. सरांनी मान खाली घालून टाळ्या ऐकल्या. आणि लाज वाटायला हवी होती त्या जागी त्यांना चक्क बरं वाटलं.

रविवारचं जेवण मात्र तेवढं मोकळं राहिलं नाही. भांडण काही झालं नाही. ताटं वाढली जात, भावोजी रस्त्यावरचे किस्से सांगत. भाचा जेवून लवकर उठे. एके दिवशी सरांनी पाहिलं, कोपऱ्यात बूट नव्हते. विचारलं तर ताई म्हणाली, "शेजारच्या पोराला दिले. पडून वाया जात होते." पुढे दर रविवारचं येणं महिन्यातून एकदावर आलं. भाच्याने शाळा उरकली आणि फ्रीज दुरुस्त करणाऱ्याकडे कामाला लागला. फुटबॉल सोडला म्हणजे अगदी सोडला. मोठ्या मॅच टीव्हीवर लागल्या तरी तो उठून बाहेर जायचा. पोस्टमनचा मुलगाही फार वर गेला नाही. सोळाच्या गटातून त्यालाही दोन वर्षांत घरी पाठवलं. मान काही त्याने वर केली नाही.

तीन वर्षं गेली. क्लबला युवा विभागाचा नवा प्रमुख मिळाला. लॅपटॉप, अंगाला घट्ट बसणारा ट्रॅकसूट, परदेशातली दोन प्रमाणपत्रं. एकेकाळी तो सरांच्याच हाताखाली होता. त्याच्या बुटांच्या नाड्या सरांनी कितीदा बांधल्या होत्या. आता सरांच्या वहीऐवजी त्याच्याकडे तक्ते होते. याच सुमारास एका बड्या कंत्राटदाराने क्लबला कृत्रिम गवताचं नवं मैदान बांधून दिलं. त्याचा मुलगा सरांच्या गटात होता. गोरागोमटा, बोलायला गोड. चेंडू गेला की हात कमरेवर.

यादीच्या आदल्या दिवशी प्रमुखाने सरांना बोलावलं. आधी चहा मागवला, तेव्हाच सर सावध झाले. हा पोरगा उगीच चहा पाजणाऱ्यांतला नव्हता.

"सर, कंत्राटदारसाहेबांचा मुलगा वर जायला हवा."

"वही बघ. पहिल्या पंधरांतही नाही तो."

"मला माहीत आहे. तुम्हालाही माहीत आहे. पण अजून एक मैदान व्हायचंय, कपडे बदलायच्या खोल्या व्हायच्यात. दीडशे पोरं खेळतील तिथे. एका पोराच्या जागेत दीडशेंचं भलं होतं, असं बघा ना."

"मग तूच घाल त्याचं नाव. सही तुझी कर."

प्रमुख हसला. हसणं वाईट नव्हतं, दमलेलं होतं. "माझ्या सहीला कोण विचारतं सर? काटा सरांची सही असली की कुणी प्रश्न विचारत नाही. म्हणून तर." मग कपाकडे बघत म्हणाला, "तुमची निवृत्तीला तीन वर्षं राहिलीत. चौदाचा गट तरुण कोचकडे द्यावा, असं वर चाललंय. मी थांबवून धरलंय. पुढेही धरीन."

दगडाखाली हात सापडला म्हणजे काय, ते सरांना त्या दिवशी कळलं. खोलीवर जाऊन ते बसून राहिले. खाली शटर ठोकत होते. चौदाचा गट गेला तर उरलं काय? बायको नाही, पोर नाही, गुडघा नाही. सकाळी उठून जायला एक मैदान तेवढं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी अकराव्या जागी कंत्राटदाराच्या मुलाचं नाव लिहिलं आणि खाली सही केली. ज्याचं नाव खोडलं, तो मिडफिल्डमधला एक बुटका मुलगा होता. त्याच्या पानावर तिन्ही खुणा होत्या. त्याच्या आईला ऑफिसात बोलवायचं धैर्य सरांना झालं नाही. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा चिठ्ठी पाठवली.

ती आई दप्तरांच्या कारखान्यात ताईच्या शेजारच्या मशीनवर बसायची.

चौथ्या दिवशी ताई क्लबमध्ये आली. सर मुलांना रांगेत पास द्यायला लावत होते. तिला जाळीपाशी पाहिलं आणि मुलांना पाणी प्यायला सोडलं. ताई ऑफिसात जायला तयार नव्हती. तिथेच, नव्या हिरव्या गवताच्या कडेला उभी राहिली.

"माझ्या शेजारणीच्या पोराने काल दिवसभर काही खाल्लंप्यालं नाही," ती म्हणाली. "कंत्राटदाराचं चढलं म्हणे. खरं का?"

"ताई, क्लबच्या काही गोष्टी असतात..."

"खरं का, एवढंच विचारलं."

"खरं."

"आणि माझ्या पोराच्या वेळी? तेव्हा वहीत काय होतं?"

सरांना खोटं बोलता आलं असतं. वही कपाटात होती, किल्ली त्यांच्याकडे. पण त्यांच्या तोंडून निघून गेलं, "तो सरस होता."

ताई ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. हळू, एकेक शब्द टाका घालावा तसा घालत म्हणाली, "म्हणजे तुझ्या नावाला डाग लागू नये म्हणून माझं पोर गेलं. जाऊ दे, म्हटलं असतं मी, देव माणूस आहे माझा भाऊ, नाव जपतोय. पण मग आता कुणासाठी लावून घेतलास रे डाग? रक्ताच्या माणसासाठी नाही लावलास. ज्याने गवत घातलं त्याच्यासाठी लावलास!"

"माझं सगळं गेलं असतं, ताई. दुसरं काय आहे मला?"

"आम्ही होतो," ताई म्हणाली.

पाणी पिऊन मुलं परत येऊन उभी राहिली होती आणि सरांच्या तोंडाकडे बघत होती. ताई गेली. सरांनी शिट्टी तोंडात धरली, पण फुंकर काही निघेना.

त्यानंतर त्यांना वाटलं, निदान पोराला तरी सांगावं. ते फ्रीजच्या दुकानात गेले. भाचा जमिनीवर बसून एका जुन्या फ्रीजच्या मागची नळी घासत होता. सतरा वर्षांचा, मिशी फुटलेली, कोपरापर्यंत काळा. "बस ना मामा," त्याने स्टूल पुढे सरकवलं. सर बसले आणि जे सांगायचं ते सांगून टाकलं. वही, माळी, खोडरबर, सगळं.

भाच्याचं घासणं थांबलं नाही. "मला तेव्हाच माहीत होतं," तो म्हणाला.

"तुला कसं?"

"पोस्टमनच्या पोराबरोबर दोन वर्षं खेळलो मी. मला काय दिसत नव्हतं?" त्याने नळी उजेडात धरून पाहिली. "मी वाट बघितली, एक वर्षभर. वाटायचं, मामा एखाद्या रविवारी सांगेल. तेव्हा सांगितलं असतंस तर दुसऱ्या क्लबात गेलो असतो. मला वाटलं, मामाला वाटतं म्हणजे माझ्यातच कमी असेल. दिसतंय ते खोटं आणि मामा खरा, असं धरून चाललो. आता कशाला सांगतोस? तुला झोप लागावी म्हणून?"

सरांनी स्टूल थोडं मागे सरकवलं.

"लागू दे," भाचा म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच सरांना सोसेना. रागावलेल्या माणसाची समजूत घालता येते. हा पोरगा मामाचं प्रकरण कधीच मिटवून कामाला लागला होता. गिऱ्हाईक आलं तसा तो उठला.

कंत्राटदाराच्या मुलाने सोळाच्या गटात आठ महिने काढले. मग त्याला घोडेस्वारीची आवड लागली आणि तो यायचा बंद झाला. त्याची जागा वर्षभर रिकामी राहिली. मधेच कुणाला घ्यायचं नाही, असा क्लबचा नियम होता. दुसरं मैदान काही झालं नाही. त्या बुटक्या मुलाला परत बोलवावं म्हणून सर एकदा प्रमुखाकडे गेले होते. प्रमुख म्हणाला, "सर, नियम तुम्हीच शिकवलेत ना आम्हाला?"

राहिलेली तीन वर्षं सरांनी ओढली. शिकवणं तेच होतं, शिट्टी तीच होती. पण जाळीबाहेरचे बाप आता त्यांना बघून गप्प होत नसत, उलट आवाज चढवून बोलत. एकाने तर सरळ विचारलं, "आमच्या पोरासाठी काय बांधून द्यावं लागेल सर?" बाकीचे हसले. काटा सर म्हणणं बंद झालं नाही. म्हणताना तोंड वाकडं होऊ लागलं, एवढंच. निवृत्तीच्या दिवशी छोटासा समारंभ झाला. प्रमुखाने भाषणात तो जुना दाखला दिला, सख्ख्या बहिणीच्या मुलाचा. टाळ्या पडल्या. सरांना वाटलं, उठून सांगावं. उठले, आभार मानले आणि बसले.

त्यानंतरच्या रविवारी ते ताईच्या दारात गेले. मधल्या काळात भावोजींच्या आजारपणात दोनदा दवाखान्यात भेट झाली होती, तेवढीच. ताईने दार उघडलं. केस पार पिकले होते. तिने दार पूर्ण उघडलं, बाजूला झाली, बाहेरच्या खोलीतली खुर्ची फडक्याने पुसली आणि पाण्याचा पेला आणून टेबलावर ठेवला. सर थोडा वेळ बसले. आतून भाच्याचं आणि भावोजींचं बोलणं ऐकू येत होतं, कसल्या तरी गोष्टीवर दोघं हसत होते.

ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने ज्याला न्हाऊ घातलं, ज्याचे बूट शिवले, त्याच्याकडे बघून तिने विचारलं, "चहा घेणार का तुम्ही?"

सरांनी मान हलवली. त्यांना स्वतःलाही कळलं नाही, हो म्हणाले की नाही. ताई आत गेली आणि चहा घेऊन आली. कपाखाली बशी होती, पाहुण्यांना देतात तशी. सरांनी तो शेवटपर्यंत प्यायला, कप खाली ठेवला, "येतो" म्हणाले. "या," ताई म्हणाली.

अजूनही महिन्यातून एकदा ते जातात. चहा मिळतो. आतल्या खोलीत या, असं मात्र कुणी म्हटलेलं नाही.